बैलघाटाची वहिवाट

मखमलाबाद, नाशिक
११ ऑक्टोबर १९९८

पुण्याच्या प्रसिद्ध तृप्तीताई यांस,

वाकून नमस्कार करणार होते, पण सध्या कंबर धरली आहे.

तुझा लेख वाचला. ह्यांच्या बहिणीनं कात्रण पाठवलं, तू पाठवलं नाहीस. लेख चांगला आहे. हे म्हणायला मला फार जड जातंय म्हणून आधीच म्हणून टाकते. आता चुका.

'कॉलेजात असताना एका मैत्रिणीबरोबर मी बैलघाटाची वाट शोधली.' एक मैत्रीण? अगं, शेजारशेजारच्या मळ्यांत वाढलो आपण. तुमच्या विहिरीची मोटर जळली की तुझी आई आमच्या पाटाचं पाणी तुमच्या वांग्यांत वळवून घ्यायची. एका डब्यात जेवलो, एका सायकलवर कॉलेजात गेलो. माझं नाव छापलं असतं तर शाई कमी पडली असती का? फोटोही पाहिला. खिंडीत तू उभी, वाऱ्यावर केस, सगळं झकास. डाव्या कडेला कोणाचं तरी कोपर आलंय. ते माझं आहे.

दुसरं, वाट आपण शोधलेली नाही. करंजपाड्याची भागीबाई नवरी होऊन त्याच वाटेनं चढून आली. तिच्या सासऱ्याच्या काळात बैलांच्या पाठीवर भात लादून घाट उतरायचे आणि मीठ घेऊन परत यायचे. आपण दोघी रस्ता चुकून तिच्या अंगणात जाऊन टेकलो आणि तिनं नागलीची भाकर वाढली, एवढाच आपला शोध.

तिसरी चूक मला सगळ्यात झोंबली. पुढं आपण कॉलेजातल्यांना त्या वाटेनं न्यायचो तेव्हा आघाडीवर तू कशी चालायचीस, फाट्याफाट्यावर लाल चिंध्या कशा बांधायचीस म्हणजे मागचे चुकायचे नाहीत, हे सगळं रंगवून लिहिलंस. त्या चिंध्या सोडायचं कोण? सगळी माणसं पुढं गेली याची खात्री करून, शेवटी येऊन, एकेक गाठ सोडून पिशवीत भरायचं कोण? जंगलात आपलं काही मागं राहू नये हा नियम तूच केलास आणि पिछाडीला मला ठेवलंस. बांधणारीचं नाव पेपरात आलं. सोडणारीचं आलं नाही.

असो. कामाचं लिहिते. बैलघाटाच्या माथ्यावर रोपवन करायचं ठरलंय. चर खणून काटेरी तारेचं कुंपण घालणार आहेत आणि ते बरोबर वाटेवरून जातंय. मी जंगल खात्याच्या साहेबांना जाऊन भेटले. माणूस सरळ आहे. त्यांचं म्हणणं, वाटेवरून माणसं जातात हे कागदावर दाखवा. पाड्यातली निम्मी माणसं दिवाळीनंतर द्राक्षबागांत कामाला उतरतात, उरलेल्यांची नावं कोणी कधी लिहिली नाहीत. वहिवाट आहे म्हणता, पण तिला पुरावा काय? मग असं ठरलं की आपण दरवर्षी चार दिवसांची चाल काढायची, त्र्यंबकच्या मागून निघून घाट उतरून खाली. चालणाऱ्यानं आधी नाव नोंदवायचं, कोयता आणायचा, वाटेत आलेली कारवीची झुडपं तोडायची. दोन वर्षं नीट झालं तर कुंपण बाजूला सरकवतील. नाही झालं तर वाट तारेच्या आत गेली म्हणून समज, आणि भागीबाईच्या पाड्याला खालच्या बाजाराला, दवाखान्याला जायचं तर सगळ्या डोंगराला वळसा.

नोंदणी माझ्याकडे आहे, कारण मळ्यात फोन आमच्याकडेच आहे. तुझा लेख आल्यापासून पुण्याचे फोन येतात. त्याबद्दल आभार मानायला हवेत. मानले असं समज.

संध्या
(कोपरवाली)


मखमलाबाद
७ डिसेंबर १९९८

तृप्ती,

चाल झाली. माणसं भरपूर आली, कारवी भरपूर तोडली, कोणी पडलं-धडपडलं नाही. आघाडीला आपल्या कॉलेजातला ज्ञानेश होता, पिछाडीला मी.

तू आली नाहीस ते बरं केलंस असं लिहिणार होते. पण आली नाहीस तरी सगळीकडे तूच होतीस. फोन उचलला की, 'तृप्तीताईंच्या वाटेसाठी नाव द्यायचं होतं.' मी सांगायची, वाट तृप्तीताईंची नाही, बैलघाट म्हणतात तिला. 'हो हो, तीच ती.' मग मी मुकाट्यानं नाव, वय, रक्तगट, घरचा पत्ता लिहून घ्यायची. एका गृहस्थांनी विचारलं, आपण तृप्तीताईंच्या ऑफिसात असता का? मी म्हटलं, मी गुलाब विकते. त्यांना वाटलं मी थट्टा करते.

करंजपाड्याला पोचलो. मी सगळ्यात शेवटी, नेहमीसारखी. भागीबाई अंगणात उभी. तिनं माझ्याकडं पाहिलं, मग माझ्या मागं पाहिलं आणि विचारलं, "दुसरी कुठं हाय?"

मी म्हटलं ती पुण्याला असते, तिला संसार आहे. तर म्हणते, ती लय हसायची. म्हणजे मी काय रडते का? तू दिलेला निळा स्वेटर विरून चाळणी झालाय तरी अंगात असतो. मी गेल्या वेळी नवी कोरी शाल नेली होती, ती पेटीत. का गं ठेवली, तर म्हणे चांगली हाय म्हून ठिवली.

साहेब खूश आहेत. पुढच्या साली असंच झालं की कुंपण हलतं.

मुलगी चालायला लागली असेल. तिला आघाडीलाच चालायला शिकवशील.

संध्या


मखमलाबाद
१४ ऑक्टोबर १९९९

तृप्ती,

तुझं पत्र मिळालं. या वर्षी येणार म्हणतेस, ये. पण 'मला कशाला नोंदणी, मी काय पाहुणी आहे का त्या वाटेवर' असं जे लिहिलंस ते वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नोंदणी सगळ्यांना आहे. मलाही आहे. माझं नाव मीच माझ्या हातानं लिहिते, रक्तगटासकट.

साहेबांनी परवानगी नावानिशी दिली आहे. ज्याचं नाव आहे त्याची जबाबदारी चालीची. ज्याचं नाही तो जंगलात चोरून शिरलेला. तसा एक जरी माणूस आपल्यात सापडला, किंवा आपलं माणूस आपण मागं टाकून आलो, तर चाल बंद. चाल बंद झाली की कुंपण वाटेवरून. हे तुला एकदा सांगून कळायला हवं.

नाव महिनाअखेरपर्यंत पाठव. आघाडीला ज्ञानेशच राहील, पिछाडीला मी. तू मध्ये कुठंतरी चालायचं. चालेल ना? का पेपरवाल्यांना विचारून सांगतेस?

संध्या

ता. क. हे म्हणतात पत्र फाडून पुन्हा गोड लिही. मी गोड लिहिलं असतं तर तू ओळखलं नसतंस.


(कार्ड)
४ नोव्हेंबर १९९९

तृप्ती,
नोंदणी बंद झाली. यादी साहेबांकडे गेली. तुझं नाव मुदतीत आलं नाही. नियम सगळ्यांना सारखा. राग मानू नये.
संध्या


मखमलाबाद
२२ डिसेंबर १९९९

तृप्ती,

पायात सळई घातली असं ज्ञानेशकडून कळलं. पुण्याला येऊन जाणार होते, पण गुलाबाची तोडणी चालू आहे आणि नाताळचा भाव सोडून चालत नाही. तुझ्या सासूबाईंनी माझा फोन घेतला आणि ठेवला. त्यांना काय सांगितलंयस मला माहीत नाही.

म्हणून काय झालं ते लिहून काढते. तुझ्याही लक्षात राहील, माझ्याही.

आम्ही दुसऱ्या संध्याकाळी करंजपाड्याला पोचलो. दिवसभर कारवी तोडून हात सोलून निघाले होते. बघते तर तू भागीबाईच्या चुलीपाशी. पेठ गावाहून एस्टीनं येऊन आरामात पाय पसरून बसलेली, आणि दोघी हसताय. पुण्याचे सगळे तुझ्याकडं धावले. तृप्तीताई, तृप्तीताई. ज्ञानेशसुद्धा. भागीबाईनं मला पाणी दिलं, नाही असं नाही, पण तोंड तुझ्याकडं करून दिलं.

सकाळी मी नावं पुकारली. संपली तशी तू म्हणालीस, माझं? मी म्हटलं, यादीत नाही. सगळ्यांसमोर म्हटलं. तेव्हा तू हसलीस आणि म्हणालीस, "बरं बाई. मी नाहीच असं समज."

हे सगळ्यांनी ऐकलंय. मी तसंच समजले. तू पुन्हा चुलीपाशी जाऊन बसलीस. मला वाटलं दुपारच्या एस्टीनं परत जाशील. यादीतलं शेवटचं माणूस पुढं गेल्यावर मी निघाले आणि फाट्याफाट्यावरच्या चिंध्या सोडत गेले. पिछाडीचं कामच ते, तूच लावून दिलेलं.

उंबराच्या फाट्यावर तू गुरांच्या वाटेला वळलीस. ती पुढं कड्यावर जाऊन संपते हे तुला पाठ होतं. पण तू पाच वर्षांनी आली होतीस. कारवी डोक्यावर गेली की दोन्ही वाटा सारख्याच दिसतात, आणि कोणता दगड कुठला हे लेख लिहून ध्यानात राहत नाही. भागीबाईचा नवरा कोंडाजी दुसऱ्या दिवशी शेळ्या घेऊन त्या अंगाला गेला म्हणून सापडलीस. मी तेव्हा घाटाखाली होते. मला काही माहीत नव्हतं. माहीत असतं तर मी परत फिरले नसते का?

थंडी फार होती त्या रात्री. मला मुक्कामात दोन पांघरुणं घेऊनही झोप लागली नाही, तेही थंडीमुळंच.

डॉक्टर चालण्याचं काय म्हणतात ते कळव.

संध्या


मखमलाबाद
१९ जानेवारी २०००

तृप्ती,

साहेबांनी बोलावलं होतं. चाल बंद झाली हे ऐकायच्या तयारीनंच गेले होते. ज्ञानेश होता, पाड्याचे पाटील होते. साहेबांनी तुझा जबाब वाचून दाखवला.

'संध्या यांनी मुदत संपल्यामुळे माझे नाव घेण्यास नकार दिला होता. तरीही मी परवानगीशिवाय, माझ्या जबाबदारीवर गेले. वाट माझ्या माहितीची होती. चूक सर्वस्वी माझी आहे. चालीच्या व्यवस्थेत काहीही कमी नव्हते.'

सर्वस्वी. हा शब्द तुला दवाखान्यात पडल्या पडल्या सुचला?

साहेब म्हणाले, शिस्त असावी तर अशी, ओळखीच्या माणसालाही आत घेतलं नाही. सगळ्यांदेखत म्हणाले. तीन वर्षं तुला त्या जंगलात यायची बंदी. चाल पुढं चालू, सगळी जबाबदारी माझ्या नावावर. कुंपणाचे खांब वाटेपासून सरकवून रोवायला सांगितलेत. कुंपण पावसाळ्याआधी पुरं होईल, तोवर सगळं सुरळीत राहायला हवं, एवढंच म्हणाले.

म्हणजे मला पाहिजे होतं ते सगळं मिळालं. वाट वाचली. वाटेवर मी आहे आणि तू नाहीस. फोनवर आता कोणी तुझं नाव घेणार नाही. हे म्हणाले, पेढे आणू का? मी भांडी आदळली. ते म्हणाले, आता काय झालं?

तुला कोणी सांगितला होता हा मोठेपणा? तू चिडली असतीस, शिव्या दिल्या असत्यास, साहेबांना सगळं सांगितलं असतंस, तर मी तुझ्याशी भांडले असते. भांडायला मला येतं. तू पाय मोडून पडलीस आणि तिथंही माझ्यापुढं गेलीस. मी चालीची मुख्य झाले तीही तुझ्या मेहेरबानीनं. तुला कळतंय का हे कसं लागतं? बंदी तुला झाली आणि पाड्यात, पुण्यात, ज्ञानेशच्या घरात सगळे तुझंच कौतुक करतायत. म्हणे काय मन आहे त्या बाईचं.

आणि आता मला तोंड उघडायचीही सोय राहिली नाही. उघडलं तर वाट जाते.

या पत्राचं उत्तर देऊ नकोस. उत्तरही चांगलंच देशील.

संध्या


मखमलाबाद
२ मार्च २०००

तृप्ती,

गेल्या रविवारी एकटीच करंजपाड्याला गेले, एस्टीनं. ह्यांना सांगितलं खांब बघून येते.

भागीबाई अंगणात मोहाची फुलं वाळत घालत होती. या वेळी तिनं माझ्या मागं पाहिलं नाही. दुसरी कुठं हाय असं विचारलं नाही. पाणी दिलं, बस म्हणाली आणि काम करत राहिली. मीच बोलत सुटले. खांब चांगले सरकवले, वाट मोकळी राहिली, आता काळजी नाही. ती हूं हूं करत होती. मग हात न थांबवता म्हणाली, "तिची हाक मला हितं आंगणात ऐकू आली. तू त फुडंच व्हतीस. तुला नाय आली?"

तिच्या आवाजात राग नव्हता. नुसतं विचारल्यासारखं विचारलं. मी खाली सांडलेली फुलं वेचू लागले. तिनं पुन्हा विचारलंही नाही. मला भाकर वाढली आणि मी खाल्ली.

तर लिहिते. आली होती. स्पष्ट आली होती. मी पहिल्या फाट्यावरची गाठ सोडत होते तेव्हा तू मागून ओरडलीस, 'संध्ये, थांब गं, आले मी.' कॉलेजात ओरडायचीस तसंच. मी थांबले नाही. चिंधी सोडली आणि भराभर पुढं गेले. उंबराच्या फाट्यावर तर गाठ सुटेना, ज्ञानेशनं घट्ट मारली होती. मी दातांनी ओढून सोडली. डोक्यात एकच होतं, तुझीच वाट आहे ना, मग चाल बघू चिंधीशिवाय. तू चुकावंस असं मला वाटत होतं. पडावंस असं वाटलं नव्हतं. तासाभरानं धापा टाकत, कारवीनं ओरबाडून, मागून यावंस आणि सगळ्यांनी ते बघावं, एवढंच हवं होतं. तू आली नाहीस तेव्हा मी स्वतःला सांगितलं की एस्टीनं गेली असेल. संध्याकाळपर्यंत सांगत राहिले.

आणखी एक. मुदत संपली त्याच्या दुसऱ्या दिवशी तुझा फोन आला होता. ह्यांनी घेतला. म्हणाले, एका दिवसानं काय बिघडतंय, लिही नाव. मी नाही म्हटलं. त्यानंतर नामपूरच्या दोघांचा फोन आला. त्यांची नावं मी घेतली.

मंगळवारी साहेबांकडे गेले आणि हे सगळं सांगितलं. मला पश्चात्ताप झाला म्हणून गेले असं समजू नकोस. झालाय, पण त्यासाठी मी गेले नसते, वाट जाईल या नावाखाली गप्प बसले असते. गेले ते तुझ्यामुळं. तुझा जबाब त्या कपाटात आहे, त्यात तू सगळं अंगावर घेतलंयस, आणि मी जन्मभर तुझ्या उपकाराखाली त्या घाटातून चढणार-उतरणार, हे मला सहन होईना. चूक माझी आहे. ती तुला घेऊ देणार नाही. निदान ती तरी माझी असू दे.

साहेबांनी कपाटातून तुझा जबाब काढला. मग म्हणाले, तुम्ही हे सांगितलं नसतं तर कोणाला कळलं नसतं. मी म्हटलं, भागीबाईला कळलंय. त्यांनी तुझी बंदी उठवली, माझ्यासमोर सही केली. माझ्या नावावर यापुढं चाल निघणार नाही, कधीच. त्यांचं बरोबर आहे. आपलं माणूस मागं टाकणारीच्या हाती कोण माणसं देईल?

आता मुख्य. चाल कोणाच्या तरी नावावर असायला हवी, नाहीतर कुंपण जुन्याच आखणीनं जाईल. खांब उपटायला वेळ लागत नाही. ज्ञानेशला विचारलं, त्याची बदली होते आहे. साहेबांनी स्वतःच तुझं नाव काढलं. पाय धड नसला तरी चालेल म्हणाले, परवानगी घेणारी व्यक्ती जबाबदार हवी, चालायला दुसरे असतात. अर्ज मार्चअखेरच्या आत गेला पाहिजे.

तर मी, संध्या, तुला सांगते आहे की बैलघाट तू घे. ही ओळ लिहायला मला सकाळपासून दुपार झाली. मध्ये दोनदा उठून गुलाबांना पाणी देऊन आले, पाण्याची पाळी नसताना. माझ्यासाठी काही करू नकोस. माझ्यावर थुंकलीस तरी चालेल. भागीबाईच्या पाड्यातल्या बायांना त्या वाटेनं खाली उतरायचं आहे, तेवढ्यासाठी अर्ज कर.

जुन्या नोंदी, नकाशे, साहेबांची पत्रं, कोयत्यांची पेटी, सगळं ट्रान्सपोर्टनं पाठवते आहे. कोयते धार लावून ठेवलेत. तुला लावता येत नाही.

संध्या


मखमलाबाद
३ ऑक्टोबर २०००

तृप्ती,

तुझं पत्र आलं नाही. यावं असं मी काही केलेलं नाही, तेव्हा ते ठीक आहे. तू अर्ज केल्याचं मला साहेबांच्या शिपायाकडून कळलं आणि कुंपण वाट सोडून गेल्याचं कोंडाजीनं सांगितलं. तो बाजाराला आला होता. तू काठी घेऊन चालतेस आणि एप्रिलात पाड्यात येऊन गेलीस हेही त्यानंच सांगितलं. नाशिकवरूनच गेली असशील.

आज पेपरात नोंदणीची जाहिरात वाचली. खाली पुण्याचा फोन, तुझं नाव, नुसतं तृप्ती. ताई नाही, गिर्यारोहक नाही, काही नाही. हे म्हणाले, बघ, साधी बाई आहे. मी म्हटलं, साधी असल्याचं दाखवायलाही जाहिरात लागते. मग स्वयंपाकघरात गेले आणि बराच वेळ तिथंच उभी राहिले.

जळतेय मी अजून. लपवून काय करू? सकाळी फोन वाजला, मी धावले, कोणीतरी झेंडूचा भाव विचारत होतं. या दिवसांत फोन उचलून मी नावं लिहून घ्यायची. आता ती पुण्यात तू लिहितेस. कोणाला काय विचारत असशील, नीट विचारत असशील का, गुडघ्याचं दुखणं लपवणारा ओळखता येतो का तुला, हेच दिवसभर डोक्यात असतं. मी फोन करणार होते. आकडे फिरवले आणि ठेवला. तू 'बोल' म्हणाली असतीस तर मला बोलता आलं नसतं.

म्हणून लिहिते. माझं नाव नोंदवायचं आहे.

संध्या. वय बत्तीस. राहणार मखमलाबाद, नाशिक. रक्तगट बी पॉझिटिव्ह. घरी कळवायचं झालं तर ह्यांना, मी नसताना फोन तेच उचलतात. पोहता येत नाही. खाण्याचं काही नाही, समोर येईल ते चालतं. कोयता स्वतःचा आणीन. आजार काही असल्यास: उजवा गुडघा. दुसरा तुला माहीत आहे आणि त्याला औषध मिळालेलं नाही. तो असलेल्या माणसाला चालीत घ्यायचं की नाही हे आता तू ठरवायचं आहे. मी तुझ्या जागी असते तर घेतलं नसतं.

मुदत महिनाअखेरपर्यंत आहे असं जाहिरातीत आहे. मी आजच पत्र टाकते आहे, म्हणजे उशीर झाला असं तुला म्हणता येणार नाही. नाव घेतलंस तर एक ओळ कळव. नाही घेतलंस तर मी येणार नाही, पाड्याच्या अंगणातसुद्धा येऊन बसणार नाही. यादीत नाही ती नाही.

संध्या